माझी जाऊ आहे ना

आमच्या भागात कुणाची किल्ली हरवली, कुलूप अडकलं, दार आतून लागून एखादं मूल कोंडलं गेलं, की सगळे एकाच दिशेला पळतात. तिकडे माझ्या थोरल्या जावेचं दुकान आहे. त्याच्या अलीकडे माझं दुकान आहे, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायचं. लोक माझ्या दारावरून धावत जातात आणि मान वळवून बघतसुद्धा नाहीत. पडद्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे मला मान्य आहे. पण काम झाल्यावर परत जाताना तरी बघायला काय होतं?

जावेला सगळे किल्लीबाई म्हणतात. म्हातारे म्हणतात, पोरं म्हणतात, बँकेतला मॅनेजरसुद्धा म्हणतो. मलाही नाव आहे, पण ते कुणाला आठवत नाही. मी ‘किल्लीबाईंची जाऊ’. एकदा तर पोस्टमनने माझं पार्सल तिच्या दुकानात टाकलं आणि वर मला म्हणाला, ‘‘एकच की हो.’’ एकच कसं? ती ती आणि मी मी.

तेव्हा आधीच सांगते, मी तिचे गोडवे गायला बसलेली नाही. ते काम माझ्या सासूबाई करतात. माझ्या घरात राहून, माझ्या हातचं खाऊन करतात. ‘‘थोरली असती तर सूप असं पातळ झालं नसतं.’’ ‘‘थोरलीचा हात हलका गं, पाय चेपून घ्यावेत तर तिच्याकडूनच.’’ थोरली वेगळी राहते, म्हणून थोरली गोड. माझ्यासारखं रोज डोळ्यांसमोर राहून दाखवावं म्हणावं, मग बोलू.

दुकान मूळचं माझ्या सासऱ्यांचं. त्यांच्यामागे ते थोरल्या दिरांनी चालवलं. आमच्या ह्यांना कानशीचा आवाज सहन होत नाही, ते गोदामात नोकरीला लागले. भाऊजींचा हात सोन्यासारखा, पण बोलायचं म्हणजे जिवावर यायचं. गिऱ्हाइकाशी बोलायला नको म्हणून ते बायकोला दारात बसवायचे. ती बोलत बोलत त्यांच्या हातांकडे बघत राहायची. पुढे ते अंथरुणाला खिळले तेव्हा तिने मशीन चालवायला घेतलं. संध्याकाळी दिवसभराच्या कामातली एखादी किल्ली घरी न्यायची आणि त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते बोट फिरवायचे आणि ‘दात खोल गेलाय’ एवढंच म्हणायचे. मी एकदा दारातून पाहिलं होतं ते. मी शिवलेला अभ्रा आमच्या ह्यांच्या हातात देऊन बघितला एकदा. त्यांनी त्याला तोंड पुसलं.

भाऊजी गेले तेव्हा ती दुकान विकणार असं सगळे धरून चालले होते. मी तर मधली भिंत पाडल्यावर मोठं टेबल कुठे टाकायचं तेही ठरवून ठेवलं होतं. एका सकाळी येऊन पाहते तर शटर वर आणि बाई स्टुलावर बसून कानस चालवतेय. टेबल राहिलं.

दुकान अरुंद. दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. एका बाजूला मशीन, समोर कोऱ्या किल्ल्यांचे गुच्छ, सगळीकडे तेलाचा वास. मागच्या भिंतीवर मात्र खिळेच खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक किल्ली. या दुसऱ्या किल्ल्या. त्यांची गोष्ट अशी, की एकदा एका एकट्या माणसाचं दार तिला फोडावं लागलं होतं. तो आत पडला होता आणि तो दिसला नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तेव्हापासून नवीन कुलूप बसवलं की ती दोन किल्ल्या हातात देते आणि सांगते, ‘‘एक तुझ्याकडे. दुसरी अशा माणसाकडे ठेव, ज्याला तू दिसला नाहीस तर चुकल्यासारखं होईल.’’ पुष्कळांना असं माणूस नसतं. ते तिथेच थोडा विचार करतात आणि दुसरी किल्ली तिच्यापुढे सरकवतात. मग ती त्या किल्लीला रंगीत दोरा बांधते आणि खिळ्याला अडकवते. दोरे माझ्या दुकानातले, आणि फुकट. आजवर माझ्याकडे कुणी किल्ली ठेवली नाही. मी कुणाला दिसले नाही तर चुकल्यासारखं होईल का, हे विचारायची माझी हिंमतही नाही.

आता ज्यावरून तिचा सगळीकडे उदोउदो होतो, त्या ‘उद्या’बद्दल सांगायला हवं.

कुलूपवाल्याला घरमालक दोनदा बोलावतो. एकदा भाडेकरू येताना, एकदा त्याला काढताना. काढताना बोलावतो तेव्हा आत माणसं असतात. त्यांचं सामान असतं, स्टोव्हवर काहीतरी उकळत असतं, आणि मालक म्हणतो, कुलूप बदला. भाऊजी असताना ते मान खाली घालून बदलायचे आणि त्या दिवशी जेवायचे नाहीत. हिने वेगळंच सुरू केलं. जायची, दाराचं माप घ्यायची, चष्मा पुसायची आणि म्हणायची, ‘‘या मापाचं आत्ता नाही माझ्याकडे. उद्या बसवते.’’ भिंतभर कुलपं लटकलेली असायची तिच्याकडे! मालकांनाही ते कळायचं. पण तिच्याशी वाद घालणार कोण? सगळ्यांच्या दारांची कुंडली तिच्याकडे.

त्या एका दिवसात ती सगळ्यांना गोळा करायची. आधी समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारायची, मग शाळेतल्या मावशींना, दवाखान्यातल्या नर्सला, भंगारवाल्याला, टेम्पोवाल्याला. बघता बघता दुपारची बैठकच पडली. जेवणानंतर शटर अर्ध्यावर ओढायचं आणि आत जमायचं. मग कुलपाची वाट कशाला बघायची, आधीच कळतं की. इस्त्रीवाला सांगणार, अमक्या घरातून शर्ट यायचे बंद झाले, म्हणजे नोकरी गेली. शाळेतल्या मावशी सांगणार, एक मुलगी सगळे कपडे दप्तरात घालून येते. भंगारवाल्याकडे कुणी चांगली भांडी विकायला आणली, की तो लगेच घेत नाही, दुपारी इथे येऊन सांगतो. नर्स सांगते, एक पेशंट बरा झालाय पण त्याला घरी सोडायचं कुठे, घरच नाही. मग कुणीतरी मालकाशी बोलतं, कुणी काम बघतं, कुणी रिकामी खोली बघतं. पुढे पुढे मालकही यायला लागले, शटरखालून वाकून. एक मालकीणबाई तर कायमच्याच झाल्या. आमच्या वस्तीत आता पुलाखाली कुणी झोपत नाही. त्याचं श्रेय सगळ्यांचं आहे, असं जाऊ म्हणते. सगळे म्हणतात, किल्लीबाईंचं. झालं.

बैठकीचा नियम तिनेच घातलेला. इथे स्वतःबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्याबद्दल बोलायचं. सुरुवातीला लोक आपापलं रडगाणं घेऊन यायचे आणि कुणाचं दुःख मोठं यावर जुंपायची. एक बाई तर मागायची लाज वाटून परत गेली आणि पुन्हा आली नाही. तेव्हा हिने सांगितलं, ‘‘ज्याला गरज आहे त्याला तोंड उघडायला लागता कामा नये. शेजाऱ्याने बघायचं आणि शेजाऱ्याने बोलायचं.’’

मीही जायची. दारातल्या उलट्या डब्यावर बसायची आणि तोंड उघडायची नाही. मला बोलावून घेतलं ते पडद्यांसाठी. नव्या खोलीत माणूस गेलं, की खिडकीला पडदा हवाच असा तिचा हट्ट. ‘‘कुलूप लागलं की दार आपलं होतं, पडदा लागला की खोली.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पडदा शिवणार मी, वाक्य तिचं, आणि माना तिच्यासाठी डोलणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, तरी पडदा शिवला. चांगला शिवला. माझ्या कामाला कुणी नाव ठेवायचं नाही.

एक सोडून. तेच सांगायचंय.

जाऊ बाजारामागच्या एका जुन्या इमारतीत राहायची. ती इमारत विकली गेली आणि नव्या मालकाला ती पाडायची होती. मोठ्या फाटकाला कुलूप बसवायला त्याने बोलावलं ते हिलाच. तिथेही ही म्हणाली, ‘‘या मापाचं आत्ता नाही.’’ बैठकीत सगळे पोट धरून हसले. हसता हसता कामाला लागले आणि एकेका भाडेकरूची सोय होत गेली. शेवटी बेकरीच्या वरची खोली तेवढी राहिली. बेकरीवाला म्हणाला, ‘‘ही शेवटच्या माणसासाठी.’’ जाऊ मला म्हणाली, ‘‘धाकटे, खिडकीचं माप घे.’’

शेवटचं माणूस म्हणजे कोण, हे विचारायची मला गरजच वाटली नाही. जहाजाचा कप्तान शेवटी उतरतो आणि त्यालाच सगळ्यात चांगली होडी मिळते, हे मला कळत होतं.

आणि काय खोली ती! पुढे गॅलरी. खाली भट्टी, म्हणून थंडीत भिंत आपोआप गरम. पहाटे ताज्या पावाचा वास. मी माप घेत होते आणि मनात आमच्या घराशी ताडून बघत होते. आमच्या घरात दोन खोल्या. एकीत सासूबाई आणि आम्ही, दुसरीत माझी घरची मशीन आणि कापडाचे गठ्ठे. गॅलरी तर सोडाच, आमच्या खिडकीतून शेजारच्यांची मोरी दिसते. मी संसार केला, सासूला सांभाळलं, आणि गरम भिंत कुणाला? तर जिने काही न मागता सगळं मिळवलं तिला. माझा इतका जळफळाट झाला, की घरी येऊन तो पडदा शिवताना मी एक बाजू मुद्दाम चार बोटं आखूड ठेवली. रोज सकाळी डोळे उघडल्यावर दिसू दे म्हटलं.

त्यानंतर मी बैठकीला जायचं टाळलं. दुकानातून मात्र लक्ष होतं. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, तरी माझी नजर जायची ती तिच्याकडेच. आणि जे दिसायचं त्याने जास्तच चडफडाट व्हायचा. मी येण्याआधी तिचं शटर वर असायचं. म्हटलं, काय ही कामसूपणा दाखवायची हौस! घरातली फुलझाडाची कुंडी तिने दुकानात आणून ठेवली. म्हटलं, गॅलरीत मावेनाशी झाली असतील झाडं. सकाळी केस ओले असायचे, दुकानातच वाळवत बसायची. कोपऱ्यात किटली आली, आरसा आला. गुंडाळलेलं काहीतरी जाड फळीमागे उभं दिसायचं, ते मला नव्या मालाचं पॅकिंग वाटलं. धंदा वाढलाय बाईचा! आणि बारीक झाली होती. या वयात बारीक व्हायला सुचतं कसं लोकांना?

लोकही विचित्र वागायला लागले. इस्त्रीवाला एक दिवस आपणहून माझ्या दारात आला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, मन मोठं लागतं हो.’’ मी हो म्हटलं आणि तो गेल्यावर घाबरले. पडद्याचं कळलं की काय! मालकीणबाईंनी तर रस्त्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘तुमच्यासारखी जाऊ मिळायला नशीब लागतं.’’ टोमणाच तो, दुसरं काय? मी दोन दिवस मान वर केली नाही.

सासूबाईंना मी खोलीचं सांगितलं होतं. गॅलरीसकट. त्या म्हणाल्या, ‘‘किती दिवसांत आली नाही गं थोरली. नवीन घरात गुंतली असेल. जा, हे स्वेटर देऊन ये तिला, आणि खोली कशी लावली ते नीट बघून ये.’’ माझ्यासाठी त्यांनी आजवर रुमालसुद्धा विणलेला नाही. तरी गेले. खरं सांगायचं तर मला पडदा बघायचा होता. ती त्या वाकड्या पडद्याखाली बसलेली मला डोळ्यांनी बघायची होती.

बेकरीच्या बाजूचा जिना चढले. दार उघडं होतं. आत जुन्या इमारतीचा म्हातारा चौकीदार खुर्चीवर बसून पाव चहात बुडवत होता. तोच, जो तिकडे जिन्याखाली राहायचा.

‘‘या या, ताई!’’ तो उठायला लागला. ‘‘किल्लीबाईंनी पाठवलं?’’

‘‘त्या कुठे आहेत?’’

‘‘दुकानात असतील की या वेळी.’’

‘‘दुकानात नाही. राहतात कुठे? ही खोली त्यांची ना?’’

म्हाताऱ्याने चहा खाली ठेवला. ‘‘त्यांचीच होती. मी फाटकाशी उभा होतो पिशवी घेऊन. माझं नाव कुणाच्या ध्यानातच नव्हतं, मी भाडेकरू नव्हतो ना. त्या म्हणाल्या, ही घ्या किल्ली. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर म्हणाल्या, माझी जाऊ आहे ना.’’

मी हातातल्या स्वेटरची घडी पुन्हा घातली.

‘‘सगळ्यांनी विचारलं त्यांना,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांना हेच सांगितलं. माझी जाऊ आहे ना.’’ मग त्याचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. ‘‘तुमच्याकडेच आहेत ना त्या?’’

मी काहीतरी हो-नाही केलं. निघताना नजर खिडकीकडे गेलीच. पडद्याची एक बाजू वर, खालून उन्हाची तिरकी पट्टी आत आलेली. म्हाताऱ्याने माझी नजर पाहिली आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, ‘‘जरा वाकडा आहे, पण कुणीतरी मायेने शिवलाय.’’

जिना उतरताना मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. माझ्या नावावर! मला न विचारता हिने मला मोठ्या मनाची करून टाकलं. वस्तीभर माझी वाहवा चाललेली आणि मला पत्ता नाही. मी त्या इस्त्रीवाल्याला तोंड कसं दाखवू? आणि चालता चालता ते ओले केस, ती किटली, ती कुंडी, फळीमागचं ते गुंडाळलेलं एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. ते पॅकिंग नव्हतं, गादी होती. थंडी सुरू झाली होती आणि दुकानाला लोखंडी शटर. आमच्या सगळ्या वस्तीला छप्पर शोधून देणारी बाई कुलपांच्या भिंतीखाली फरशीवर झोपत होती. इतकी माणसं तिला मानतात, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळ्यांना ती नुसती छान दिसत होती. तिची उठबस, तिचे कपडे, तिचे केस रोज निरखून बघणारी मी एकटीच, आणि माझे डोळे हे असे.

दुकानाशी पोचले तर शटर अर्ध्यावर. बैठक चालू होती. मी वाकून आत शिरले आणि डब्यावर न बसता उभी राहिले. नर्स कुणाबद्दल तरी सांगत होती, ती थांबली. जाऊ स्टुलावर बसून किल्ली घासत होती.

‘‘मला बोलायचंय,’’ मी म्हटलं. आवाज इतका चढा लागला, की भंगारवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘दुसऱ्याबद्दलच बोलायचंय, नियमात बसतं. एक बाई आहे. तिचं घर गेलं. तिला मिळालेली खोली तिने दुसऱ्याला दिली आणि सगळ्यांना सांगितलं, की ती जावेकडे राहते. ती जावेकडे राहत नाही. ती या फळीमागच्या गादीवर झोपते. सकाळी नळावर अंघोळ करते आणि तुम्ही यायच्या आत केस वाळवत बसते. तुम्ही रोज इथे येऊन कुणाचे शर्ट आले नाहीत ते सांगता. हिचे कपडे कधीपासून इस्त्रीला आले नाहीत, ते सांगा बघू.’’

इस्त्रीवाल्याने जीभ चावली. कानशीचा आवाज बंद झाला. जावेने चष्मा काढला आणि पुसायला लागली.

मग जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘माझी माडी रिकामी आहे, आजच चला.’’ नर्स म्हणाली, माझ्याकडे. बेकरीवाला म्हणाला, मी स्वतः गोदाम रिकामं करून देतो. भंगारवाला म्हणाला, आमच्या घरात तर आनंदच होईल, आमची ही रोज तुमचं नाव काढते. इस्त्रीवाल्याचे डोळे भरले होते. जो तो ओढायला लागला. माझी, माझ्याकडे, आमच्याकडे! मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. ही कोण माणसं? ओळख कालची आणि माझ्या जावेला घरी घेऊन निघाले! माडी आहे म्हणे.

‘‘कुणीही हात लावायचा नाही तिला!’’ मी ओरडले. ‘‘माझी जाऊ आहे ती. आमच्या घरची आहे. ती माझ्याकडे येईल.’’



‘‘धाकटे,’’ जाऊ हळूच म्हणाली, ‘‘तुझ्याकडे जागा कुठे आहे?’’

‘‘मशीनच्या खोलीत.’’

‘‘आणि मशीन?’’

‘‘मशीन आणते दुकानात. दुकानात माणसं झोपवण्यापेक्षा मशीन झोपवलेली बरी.’’

टेम्पोवाला उठला आणि काही न बोलता फळीमागची गादी खांद्यावर घेऊन बाहेर गेला. तिचं एवढंच सामान होतं. गादी, एक बॅग, किटली, आरसा, आणि कुंडी. ती तिने टेम्पोत स्वतःच्या मांडीवर घेतली.

सासूबाईंनी दारातच तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘‘आली माझी थोरली!’’ मी मागे गादीचं एक टोक धरून उभी होते, ते दिसलं नाही कुणाला. त्या संध्याकाळी सूप मीच केलं, नेहमीसारखंच. सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘थोरली आली आणि घराची चवच बदलली.’’ मी पातेलं आपटलं. जाऊ माझ्याकडे बघून हसली आणि मला तिचा गळा दाबावासा वाटला.

जेवणं झाल्यावर मी मशीनच्या खोलीत तिची गादी घातली. मधे लावायला संध्याकाळी घाईघाईने पडदा शिवला होता, तो अडकवायला लागले. तिने दुसरं टोक धरलं.

‘‘आधी का नाही आलात?’’ मी विचारलं. ‘‘जगाला सांगितलंत, मला तेवढं नाही सांगितलंत.’’

‘‘स्वतःबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे.’’

‘‘नियम घाला चुलीत. खरं सांगा.’’

ती थोडा वेळ पडद्याच्या कड्या सारख्या करत राहिली. ‘‘आई माझं नाव काढतात तेव्हा तू भांडी आपटतेस. मी कधी भेटायला येते ना, तेव्हा जिन्यातच ऐकू येतं. कितीदा तरी मी तिथूनच परत गेलेय. म्हटलं, लांब राहून हिला इतका त्रास होतो, तर घरात येऊन बसले तर हिने जगायचं कसं?’’

भांडी माझी, घर माझं, आणि तरी मला जागा सापडेना कुठे बघायला.

‘‘मग तो बेकरीतला पडदा पाहिला,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या हातून चार बोटं आखूड? मी ओळखलं, हिला वाटतंय मी इथे राहते. म्हणजे ही बघायला येणार. म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं, माझी जाऊ आली तर तिला दारातून परत पाठवू नका, जे आहे ते सांगा.’’ तिने कडी सरकवली. ‘‘उशीर केलास पण. फरशी फार गार होती गं.’’

मी आत गेले आणि माझी जाड चादर आणून तिच्या अंगावर टाकली. नीट घातली नाही, टाकली.

आता वस्तीत काय बोलतात माहीत आहे? किल्लीबाई बघा किती थोर! सासूची सेवा करायला आपणहून धाकटीच्या लहानशा घरात जाऊन राहिल्या. मालकीणबाईंनी मलाच हे ऐकवलं, डोळ्यांत पाणी आणून. मी म्हटलं, ‘‘हो ना.’’

सासूबाई आता पाय तिच्याकडूनच चेपून घेतात. आमचे हे चहा झाल्यावर तिला कुलपांबद्दल काहीबाही विचारत बसतात, ज्यांना कानशीचा आवाज सहन व्हायचा नाही ते. गादी घातली त्याच्या दुसऱ्या सकाळी तिने आपल्या मशीनवर एक किल्ली कापली, तेल लावलं आणि माझ्या दुकानात आणून माझ्या तळहातावर ठेवली. तिला दोरा बांधलेला नव्हता.

‘‘कशाची?’’

‘‘दुकानाची. दुसरी.’’

‘‘आधी कुणाकडे होती?’’

‘‘कुणाकडे नव्हती.’’

इतक्या वर्षांत सगळ्यांच्या दुसऱ्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईची दुसरी किल्ली ठेवायला कुणी नव्हतं. मी बोट फिरवून बघितलं. दात खोल गेलाय की नाही, ते मला कळत नाही. मी ती पडद्याच्या जाड दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. तिला वाटत असेल, मी मायेने घातलीय.

परवा भंगारवाला आला होता. म्हणाला, ‘‘वहिनी, किल्लीबाईंच्या दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे ठेवता का? मी शेजारीच राहतो, कधी गरज पडली तर.’’

मी म्हटलं, ‘‘हात लावून बघ.’’